पापाचे सात वाटे होतात का?



नोव्हेंबर महिना आपण मृतांसाठी राखून ठेवतो. आपल्या घरची गेलेली माणसे नाव घेऊन आठवतो, त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करतो. युरोपातही याच महिन्यात, ११ नोव्हेंबरच्या सुमारास, युद्धात पडलेल्या सैनिकांचे स्मरण केले जाते. त्या निमित्ताने एका अवघड प्रश्नाचा विचार करू या. ज्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून आज्ञा पाळली, पण ज्यांच्या हातून हजारो निरपराध माणसे मेली, त्यांना काय म्हणावे? वीर म्हणावे, की अपराधी?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचा ‘बॉम्बर कमांड’ नावाचा विभाग होता. रात्रीच्या अंधारात जर्मनीवर बॉम्ब टाकणे हे त्याचे मुख्य काम. सुमारे १ लाख २५ हजार तरुणांनी या विमानांतून सेवा केली. सगळे स्वेच्छेने आलेले. सरासरी वय बाविशीच्या आसपास. त्यांपैकी ५५,५७३ जण परत आले नाहीत. म्हणजे दर शंभरात चव्वेचाळीस. आपल्या धर्मग्रामातल्या युवक मंडळाची कल्पना करा आणि त्यातली जवळजवळ निम्मी मुले डोळ्यांपुढून काढून टाका.

‘लँकेस्टर’ विमानात सात जण असत. वैमानिक, इंजिन सांभाळणारा, दिशादर्शक, बिनतारी संदेश पाहणारा, बॉम्ब सोडणारा आणि दोन मशीनगनवाले. त्यांतला एक गनवाला विमानाच्या शेपटीत एकटाच बसे. सात-आठ तास, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, मागच्या काळोखाकडे डोळे लावून. अशा तीस फेऱ्या पूर्ण केल्या की एक पाळी संपे. या सात जणांच्या टोळ्या बहुधा हुकमाने बनवलेल्या नसत. तरुणांना एका मोठ्या शेडमध्ये एकत्र सोडत आणि सांगत, ‘आपापले सोबती तुम्हीच निवडा.’ मग हे सात जण भावांसारखे होत. भीतीने पोटात गोळा आला तरी माणूस विमानात चढे, कारण बाकीच्या सहांना सोडायचे कसे? ज्याने उडायला नकार दिला, त्याच्या कागदपत्रांवर ‘नैतिक कणा नसलेला’ अशा अर्थाचा शेरा मारला जाई. त्याला हुद्दा गमवावा लागे.

ही झाली विमानातली गोष्ट. आता विमानाच्या खाली पाहू.

वॉर्सा, रॉटरडॅम, लंडन, कॉव्हेंट्री या शहरांवर आधी जर्मनीने बॉम्ब टाकले होते, हे विसरून चालणार नाही. हिटलरला थांबवणे आवश्यकच होते. पण १९४१ साली ब्रिटिशांनीच केलेल्या पाहणीत असे दिसून आले की, लक्ष्यावर हल्ला केल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी तीनातले एकच लक्ष्याच्या आठ किलोमीटरच्या आत पोहोचत होते. रात्री कारखाना नेमका सापडत नव्हता. सापडत होते ते शहर. मग १४ फेब्रुवारी १९४२ रोजी नवा आदेश निघाला. शत्रूच्या नागरिकांचे, विशेषतः कामगारांचे, मनोधैर्य खच्ची करणे हेच आता उद्दिष्ट ठरले. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर रात्रीमागून रात्री हल्ले झाले. २७ जुलैच्या रात्री आगी एकमेकींत मिसळल्या आणि शहरात आगीचे वादळ उठले. त्या हल्ल्यांत पस्तीस हजारांहून अधिक माणसे मेली. त्यात बाया होत्या, मुले होती, म्हातारी माणसे होती.

त्याच काळात काही जणांनी आवाज उठवला. ९ फेब्रुवारी १९४४ रोजी अँग्लिकन बिशप जॉर्ज बेल यांनी ब्रिटिश लॉर्ड्स सभागृहात सरकारला याचा जाब विचारला. त्याच वर्षी अमेरिकेतले येशूसंघीय धर्मगुरू जॉन फोर्ड यांनी या बॉम्बफेकीच्या नैतिकतेवर एक सविस्तर लेख प्रसिद्ध केला. त्यांचा युक्तिवाद सेमिनरीत नीतिशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. शस्त्रांच्या कारखान्यावर बॉम्ब टाकताना शेजारचे घर पडले, तर तो त्या कृतीचा न इच्छिलेला परिणाम आहे, असे निदान म्हणता येते. पण घर पाडणे हाच बेत असेल, तर ‘तसा हेतू नव्हता’ असे म्हणायला जागा उरत नाही. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली संपूर्ण शहरांचा सरसकट संहार हा देवाविरुद्ध आणि मानवाविरुद्ध अपराध आहे, असे निःसंदिग्धपणे शिकवले.

म्हणजे कृती चुकीची होती. मग दोष कोणाचा? बॉम्ब सोडणारा म्हणेल, ‘मी फक्त बटण दाबले.’ दिशादर्शक म्हणेल, ‘मी फक्त नकाशा पाहिला.’ गनवाला म्हणेल, ‘मी तर फक्त राखण केली.’ पण यांतला एक जरी नसता, तरी विमान तिथवर नीट पोहोचले नसते. भाकरीचे सात तुकडे केले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते. जबाबदारीचे तसे होत नाही. सात जणांनी ठरवून एखाद्याचे घर लुटले, तर भरपाईचे बंधन प्रत्येकावर पूर्णच पडते, असे आपले नीतिशास्त्र सांगते. पापाला वाटेकरी वाढले, म्हणून पाप विभागले जात नाही.

मग या तरुणांना आपण दोषी ठरवायचे का? थांबा. कृती वाईट असणे आणि माणूस पूर्ण दोषी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गंभीर पापासाठी पूर्ण ज्ञान आणि पूर्ण संमती लागते, हे आपण धर्मशिक्षणात शिकलो आहोत. बावीस वर्षांचा मुलगा, मृत्यूच्या छायेत, नकार दिला तर भित्रा ठरणारा, रात्री सहा हजार मीटर उंचीवरून खाली पाहणारा. त्याला माणसे दिसत नव्हती, फक्त उजेड दिसत होता. त्याने किती जाणले आणि किती मोकळेपणाने निवडले, हे देवच जाणो. शिवाय ते विमान ज्यांनी पाठवले, ज्यांनी बांधले आणि सकाळी वर्तमानपत्र वाचून ज्यांनी टाळ्या वाजवल्या, ते त्या सातांच्या पलीकडले वाटेकरीच होते. युद्ध संपल्यावर याच समाजाला त्या मुलांची आठवण नकोशी झाली. लंडनमध्ये त्यांचे मोठे स्मारक उभे राहायला २०१२ साल उजाडले. पिलाताने हात धुतले, तसेच हे झाले.

यातून बाहेर पडायची वाट आहे का? दोन माणसांकडे पाहू. नागासाकीवर ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला, तेव्हा उराकामीचे कॅथोलिक कॅथेड्रल आत असलेल्या भाविकांसह जमीनदोस्त झाले. ज्या तळावरून ते विमान उडाले, तिथल्या कॅथोलिक सैनिकांचे धर्मगुरू होते जॉर्ज झाबेल्का. नागरिकांवरच्या बॉम्बफेकीविषयी आपण गप्प राहिलो, हे आपले पाप होते, अशी कबुली त्यांनी पुढे जाहीरपणे दिली. आम्हा धर्मगुरूंनी हे विशेष लक्षात ठेवले पाहिजे. मौन हाही एक वाटा असतो.

दुसरे लेनर्ड चेशायर. बॉम्बर कमांडचे नामवंत वैमानिक, ‘व्हिक्टोरिया क्रॉस’चे मानकरी. नागासाकीचा स्फोट त्यांनी दुसऱ्या विमानातून निरीक्षक म्हणून पाहिला. त्या बॉम्बमुळे युद्ध संपले, असेच ते शेवटपर्यंत मानत आले. त्यांचे ते मत आपल्याला पटेलच असे नाही. पण युद्धानंतर मरणासन्न अशा एका निराधार माणसाला त्यांनी आपल्या घरी आणले आणि स्वतः त्याची शुश्रूषा केली. १९४८ च्या अखेरीस ते कॅथोलिक झाले. त्या एका रुग्णापासून अपंगांसाठीची ‘चेशायर होम्स’ जगभर उभी राहिली. भारतातले त्यांचे काम १९५० च्या दशकात आपल्या मुंबईत, अंधेरीला सुरू झाले. त्यांचा विवाहही १९५९ साली मुंबईतच झाला. जी माणसे विमानातून कधी दिसली नव्हती, त्यांच्या उशाशी हा माणूस उरलेले आयुष्य बसला.

आपण कोणी बॉम्ब टाकत नाही. पण ‘मी फक्त सही केली’, ‘मी फक्त फाईल पुढे सरकवली’, ‘बैठकीत सगळ्यांनीच हात वर केला’, ही वाक्ये आपल्या तोंडची आहेत. आपल्या सहीखाली, फार खाली, कोण राहते हे वाकून पाहणे हीच सदसद्विवेकबुद्धीची पहिली पायरी आहे.

या महिन्यात प्रार्थना करताना विमानातल्या त्या मुलांना आठवा आणि हॅम्बुर्गच्या तळघरांत गुदमरलेल्या मुलांनाही आठवा. एकाच प्रार्थनेत दोघांची नावे घेता येतात. त्यासाठी खोटे बोलावे लागत नाही. धैर्याला धैर्य म्हणायचे, अपराधाला अपराध म्हणायचे आणि न्याय त्या दयाळू पित्यावर सोपवायचा.

ख्रिस्तात तुमचा,
प्रमुख धर्मगुरू