अर्पणपत्रिकेपासून उचलीपर्यंत

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अमेरिकेत गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. तिथे गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती होऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. आपल्याकडचे शूद्रातिशूद्र आणि तिकडचे काळे गुलाम यांना एका रांगेत उभं करणं हे मोठं धाडस होतं. माणूस बाजारात विकला जात नसला तरी तो गुलाम असू शकतो, धर्माच्या नावाने त्याचं मनही बांधून ठेवता येतं, असं फुले सांगत होते. उदाहरण त्यांनी अमेरिकेकडून घेतलं, पण गुलामगिरीची त्यांची व्याख्या मूळ चळवळीपेक्षा रुंद होती. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांचा विचार करताना मला ही रुंदी फार मोलाची वाटते.

ही अमेरिका फुल्यांपर्यंत आली कशी? टॉमस पेनच्या ग्रंथाचं नाव सगळेच घेतात. दुसरी वाट मात्र नगरची होती. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार अहमदनगरला मुलींची शाळा चालवत. ती शाळा फुल्यांनी पाहिली, १८४८ साली पुण्यात मुलींसाठी स्वतःची शाळा काढली आणि सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे फरारबाईंकडे घेतले. त्याच १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स गावी स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली. ती भरवणाऱ्यांपैकी लुक्रेशिया मॉट आणि एलिझाबेथ स्टँटन या दोघी १८४० साली लंडनच्या गुलामगिरीविरोधी परिषदेला गेल्या होत्या. तिथे स्त्रियांना प्रतिनिधी म्हणून बसू दिलं नव्हतं. दुसऱ्याच्या सुटकेसाठी भांडायला गेलेल्या बायकांना तिथे आपलीही बेडी दिसली.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी-कड्याच्या माणसाला आजही बीडपेक्षा नगर जवळ. पण त्या काळी मध्ये निजामाची हद्द होती आणि सुधारणेचं वारं त्या हद्दीशी अडत होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने दख्खनच्या कापसाला चढा भाव आला, युद्ध संपल्यावर तो कोसळला. पुढे शेतसारा वाढला, कर्ज साचलं आणि १८७५ साली पुणे-नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखतं काढून जाळली. ज्या युद्धाने तिकडे गुलाम सुटले, त्याचीच एक झळ इकडच्या कुणब्याला कर्जाच्या रूपाने लागली. इंग्रज सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, पण हैदराबाद संस्थानातल्या बीडला तो लागू नव्हता. फुले मात्र थांबले नाहीत. ‘गुलामगिरी’नंतर दहा वर्षांनी त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा त्यांच्या मांडणीत धर्माच्या जोडीला सारा, सरकारी नोकरशाही आणि सावकारी आली होती. गुलामगिरीचा विचार पोथीतून वहीखात्यापर्यंत पोचला तो इथे.

अमेरिकेतही या विचाराला वहीखात्यापर्यंत जावंच लागलं. कागदावर सुटलेला गुलाम जुन्या मालकाच्याच शेतात राबत राहिला, कारण आता त्याच्या नावावर आगाऊ रक्कम होती. कर्जापोटी माणूस राबवून घ्यायला १८६७ च्या कायद्याने बंदी केली, तरी दक्षिणेतल्या राज्यांनी पळवाटा काढल्या. अलाबामात आलोन्झो बेली या काळ्या मजुराने वर्षभराच्या कामाचा करार करून १५ डॉलर उचलले आणि महिनाभरानंतर काम सोडलं. पैसे घेतले आणि काम सोडलं, म्हणजे फसवायचाच हेतू होता, असं तिथला कायदा धरून चालत असे. त्याला शिक्षा झाली. १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा तेराव्या घटनादुरुस्तीच्या विरोधात ठरवला. करार मोडल्याची भरपाई मागता येईल, पण तुरुंगाची भीती घालून कामाला जुंपता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा.

हा निकाल बीडमधल्या केज किंवा धारूरच्या एखाद्या वाडीत वाचून दाखवला, तर त्यातलं काय परकं वाटेल? इथे दसऱ्याच्या सुमाराला टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, वाटतो. ती मुलीच्या लग्नाला, दवाखान्याला किंवा जुनं देणं भागवायला आधीच संपलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, कोपी टाकून चार-सहा महिने राहतात आणि टनावर उचल फेडतात. अंधार असतानाच फडात उतरायचं. नवरा बुडख्याशी ऊस तोडतो. बाई पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि गाडीला लावलेल्या फळीवरून तोल सांभाळत वर चढवते. वाढे विकून आलेल्या पैशात मीठ-मिरची भागते. एक दिवस आजारी पडलं की खाडा, आणि त्याचा दंड हिशेबात. हंगाम संपताना उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर चढते.

हे सगळं स्वखुशीने चालतं, कोणी जबरदस्ती करत नाही, असं नेहमी सांगितलं जातं. मुकादमाचीही बाजू आहे. तो स्वतः बहुधा याच गावांतला असतो, कारखान्याची किंवा वाहतूकदाराची रक्कम त्याच्या अंगावर असते आणि उचल घेऊन टोळी फिरकली नाही की तो बुडतो. ते खरंच आहे. पण बुडालेल्या पैशासाठी दिवाणी वाट असते. माणसं उचलून नेणं, डांबून ठेवणं, पोरांना ओलीस धरणं ही वाट नव्हे. राज्यघटनेचं २३ वं कलम वेठबिगारीला बंदी करतं. ज्या घटनेत ते आहे, तिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष कोलंबियात शिकून आलेले डॉ. आंबेडकर होते. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने तर कर्जापोटी राबणंच नव्हे, ते कर्जही रद्द ठरवलं. १९८२ मध्ये आशियाई स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं: पोटाच्या गरजेपायी किमान वेतनाहून कमी मजुरीत राबावं लागणं हीसुद्धा सक्तीच. विचार तयार आहे, कायदाही तयार आहे. आपण मात्र ऊसतोडीचा प्रश्न टनाच्या दराचा प्रश्न म्हणून मांडत आलो. संप, लवाद, दरवाढ यांनी कामगारांच्या पदरात काही ना काही पडलं, त्याचं मोल मी कमी करणार नाही. पण दर वाढला की उचलही वाढते आणि गाठ तशीच राहते.

या गाठीत सगळ्यात आत बाई अडकलेली आहे. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवरून राज्यभर खळबळ उडाली आणि सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. फडात आडोसा नाही, पाणी नाही, मोळ्यांचं ओझं कमी होत नाही, पाळीच्या दिवसांत थांबलं तर खाडा पडतो. कॅन्सरची भीती घालणारा खासगी दवाखाना जवळ असतो, आणि शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा उचलीतूनच जातो. फुल्यांनी मनाची बेडी दाखवली, बेलीच्या खटल्याने कर्जाची. ही बेडी थेट देहापर्यंत गेलेली आहे. सेनेका फॉल्सच्या बायकांना जे दिसलं, ते इथे दिसायला आपण इतका उशीर का लावला?

उचलीचा व्यवहार नवऱ्याच्या नावाने होतो, फेड मात्र दोघांच्या अंगमेहनतीतून. अर्धा कोयता तिचा असूनही हिशेबात तिचं नाव नसतं. महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटना बाईची कामगार म्हणून वेगळी नोंद करा, असं सांगत आल्या आहेत. मला ही मागणी साऱ्या दरवाढींहून मोठी वाटते. तिच्या तोडणीची मजुरी तिच्या खात्यावर जमा झाली, तर उचल किती घ्यायची, कुणाकडून घ्यायची, आणि यंदा घ्यायची तरी का, हे मुकादमाला तिलाही विचारावं लागेल.