असन्निधानीचा धर्म



मागे एकदा निरूपण संपल्यावर एक वृद्ध उपदेशी बाई थांबून राहिल्या. यजमान निवर्तले होते. मुलगा गावचे घर विकून त्यांना शहरात नेणार होता. “बाबा, देवपूजा बरोबर नेईन; पण ज्यांच्यासंगे स्मरण केले ती माणसे कोठून आणू? आता माझा धर्म कसा चालावा?” असे त्यांनी विचारले. प्रपंच अनित्य आहे, एवढेच मी तेव्हा सांगितले. ते खरे होते, पण पुरेसे नव्हते.

हाच प्रश्न आपल्या पूर्वजांपुढे याहून कठीण रूपात उभा राहिला होता. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केले, तेव्हा भक्तजनांचे सन्निधान सुटले. भटोबासादिकांना त्याचे दुःख झाले, आणि संप्रदायाने ते झाकून ठेविले नाही. ज्ञानियास शोक होत नाही असे जे म्हणतात, त्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा.

स्वामींच्या आज्ञेप्रमाणे भटोबास आणि इतर भक्त रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंपाशी आले. येथे थोडे थांबून विचार करावा. स्वामी निरूपण करीत, शंका फेडीत, अधिकार पाहून बोलत. श्रीप्रभूंची रीत अगदी निराळी. ते बालकाप्रमाणे रुसत, हट्ट करीत, गावात कोणाच्याही घरी शिरत. लोक त्यांना वेडे समजत. निरूपणाची सवय जडलेल्या भक्तांना येथे प्रश्न विचारून भागणारे नव्हते. मर्जी ओळखून सेवा करणे, एवढेच हाती होते. “आमचे स्वामी असे नव्हते” असा हिशेब मनात धरला असता, तर समोर असलेला परमेश्वरावतारही त्यांच्या पदरी पडला नसता. त्यांनी स्वामींना विसरून श्रीप्रभूंना स्वीकारले नाही. स्वामींचीच आज्ञा म्हणून नवी रीत पत्करली.

आणि त्या काळाने काय दिले? श्रीप्रभूंना लग्नाची लहर आली, त्या निमित्ताने महदाइसांनी धवळे रचिले. म्हाइंभटांनी शके १२०० च्या सुमारास लीळाचरित्राचे कार्य आरंभिले. ज्याने जी लीळा पाहिली त्याच्यापाशी, शेतात राबणाऱ्यापाशीही, ते गेले आणि भटोबासांकडून ती पडताळून घेतली. सन्निधान असताना लीळा लिहून ठेवण्याची निकड कोणास भासली होती? स्मरणाचा धर्म असन्निधानातच पूर्णपणे अंगी लागला.

पुढे श्रीप्रभूंचेही सन्निधान सुटले. पुन्हा तोच घाव! भटोबास रिद्धपूर सोडून निंबा येथे आले आणि मार्ग चालविला. एकदा सोसले म्हणून दुसऱ्या वेळी सोपे गेले असेल, असे मला वाटत नाही.

घर आणि गाव प्रपंचात मोडतात. परमेश्वर प्रपंचात मोडत नाही. म्हणून घर सुटल्याने तो सुटत नाही. मात्र जुन्या स्थितीचा आचार नव्या स्थितीत जसाच्या तसा मागू नये. यजमान लीळा सांगत आणि बाई ऐकत, असा त्या घरचा परिपाठ होता. आता ऐकविणारे कोणी नाही. सांगण्याची पाळी त्यांची आहे. शहरातल्या त्या खोलीत नातवंडे असतील. ती मधेच उठून जातील, भलते प्रश्न विचारतील. बाईंनी तरीही यजमानांच्या तोंडून ऐकलेली पहिली लीळा त्यांना सांगावी, आणि अडेल तेथे पोथी उघडावी.