धुरावरची नजर

डोंगर चढून माणसे देव पाहतात, नाहीतर सूर्योदय पाहतात. मी गेल्या उन्हाळ्यात सात हजार फुटांवर गेलो तो एक रिकामी खोली पाहायला. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियर नावाचे १४,४१० फुटांचे हिमशिखर आहे. त्याच्याभोवती १८९९ साली राष्ट्रीय उद्यान झाले. धाकटा भाऊ सिॲटलला असतो, म्हणून मजसारख्या मॅट्रिक मास्तराला हा योग आला. गुडघ्याचे निमित्त सांगून तो खाली मोटारीतच बसला. मी आणि पुतणी पावणेतीन मैलांची वाट चढलो.

माउंट फ्रीमाँटच्या कड्यावरची ही दुमजली लाकडी चौकी १९३४ सालची. वरच्या खोलीला चारी बाजूंनी काचा, भोवती सज्जा. वणव्याचा धूर शोधण्यासाठी अशा चौकीत एकटा माणूस उन्हाळाभर राही. खोलीत नकाशाची गोल तबकडी असे. ऑस्बोर्न नावाच्या वनखात्यातील माणसाने बनवलेले ते यंत्र. धूर दिसला की त्यावर नेम धरून दिशेचे अंश वाचायचे आणि खाली कळवायचे. दुसऱ्या शिखरावरच्या पहारेकऱ्याची रेघ याच्या रेघेला जिथे छेदील, तिथे आग! विजा कडाडू लागल्या म्हणजे पायांना काच बसवलेल्या स्टुलावर पाय उचलून बसायचे. मला त्या स्टुलाची फार मौज वाटली.

एवढी दक्षता उगीच नव्हती. १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो आणि मॉन्टाना भागात दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर जळाले, ऐंशीहून अधिक माणसे गेली. पुढे १९३५ साली वनखात्याने नियमच केला, की आज दिसलेली आग उद्या सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे.

आणि मग काही दशकांनी कळले, की जंगलाला थोडी आग लागते. कोरड्या पाइनच्या रानात लहान आगी खालचा पालापाचोळा खाऊन टाकीत. त्या विझवल्या, पाचोळा साचला, आणि पुढे आग लागली ती थेट शेंड्यांना भिडली. कॅलिफोर्नियातील प्रचंड सिकोया वृक्षाची फळे आगीच्या उष्णतेने उघडतात. त्याच्या रोपाला मोकळी, उघडी माती हवी असते. उद्यानखात्याने १९६८ साली धोरण बदलले, वनखात्याने १९७८ साली दहाचा नियम सोडला. तिथले आदिवासी पूर्वीपासून बेताने रान जाळीत असत, पण त्यांना विचारतो कोण? आमच्या कोकणात माझे वडील पेरणीआधी राब भाजत. आग आणि रोप यांचे नाते त्यांनी मला लहानपणीच दाखवले होते.

मग त्या पहारेकऱ्याचे काय? त्याने डोळ्यांत तेल घालून काम केले आणि त्यातूनच अनर्थ साचत गेला. त्याला दोष द्यावा का? माझ्याने देववत नाही. १९१० ची प्रेते खरी होती. एखादा धूर त्याने सोडला असता आणि खाली एक वस्ती जळली असती, तर कोणत्या शास्त्राने त्याला वाचवले असते?

हीच क्षमा मी स्वतःसाठी मागू लागलो आणि तिथे अडलो. माझ्या वर्गात एक मुलगा होता. दर तासाला 'का?' विचारी, वहीच्या मागे माझीच चित्रे काढी. मी प्रत्येक ठिणगी तिथल्या तिथे विझवली. वही जप्त केली, बाकावर उभे केले. तीन वर्षांत तो इतका शांत झाला, की शिक्षकांच्या खोलीत माझे कौतुक झाले. दहावीच्या सहामाहीत त्याने उत्तरपत्रिका उभी फाडली आणि वर्गाबाहेर गेला. तो पुन्हा शाळेत आला नाही. पहारेकरी मैलोगणती दूर बसला होता, त्याला जमिनीवर काय साचते आहे ते दिसणे शक्य नव्हते. हा मुलगा माझ्यापासून दुसऱ्या बाकावर होता. त्याची वही अजून माझ्या खणात आहे. चित्रे चांगली आहेत. नाक तर हुबेहूब माझे.

सज्जात किती वेळ उभा होतो कोण जाणे. उत्तरेकडच्या दरीतून पांढरे काहीतरी वर येऊ लागले आणि माझा हात आपोआप तिकडे गेला.

"काका, धूर नाही तो," पुतणी म्हणाली, "ढग आहे. चला, बाबा खाली वाट बघत असतील."