कानाची पदरमोड

मोबाइलवर तानपुरा लावा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्यात खर्जाची तार सेकंदाला सुमारे ७० वेळा कंपते. मोबाइलच्या इवल्या स्पीकरला इतकं खाली उतरताच येत नाही. ते मूळ कंपन तो जवळजवळ गाळूनच टाकतो. तरी खर्ज ऐकू येतो. जवारीमुळे तारेतून उपस्वर भरपूर सुटतात आणि त्यांच्यातल्या अंतरांवरून मेंदू खालचा स्वर स्वतःच उभा करतो. कान अशी पदरमोड करतो आणि श्रेय मोबाइल घेऊन जातो.

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या. सुरुवातीला खरखर ऐकू येते, मग येत नाही. ती तिथेच असते; आपलं लक्ष गाण्यानं नेलेलं असतं. खरखर काढून 'स्वच्छ' केलेल्या आवृत्तीत पुष्कळदा आवाजाची धारही पुसली जाते. मला खरखर परवडते.

१९१५पासून एडिसनच्या कंपनीनं अमेरिकेत गावोगावी जाहीर प्रयोग केले. रंगमंचावर गायिका, शेजारी फोनोग्राफ. गाता गाता दिवे मालवायचे. पुन्हा लागले की गायिका गायब, गाणं मात्र चालूच! फरक कळलाच नाही, असं लोक शपथेवर सांगत. ध्वनिमुद्रण तर भोंग्यात गाऊन केलेलं, मायक्रोफोन यायच्या आधीचं. अ‍ॅना केस या गायिकेनं पुढे उतारवयात सांगून टाकलं, की आपण यंत्राला जुळेल असाच आवाज लावत होतो. नक्कल यंत्रानं केली नव्हती, बाईंनी केली होती. श्रोत्यांना हसू नये. त्याहून चांगलं यंत्र त्यांनी ऐकलं कुठे होतं?

आवाज बारीक केला की खर्ज आधी हरवतो, मोठा केला की भरून येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३मध्ये कानाचा हा पक्षपात मोजून दाखवला. त्यामुळे दोन स्पीकरांत जो जरासा मोठा वाजतो, तोच 'भरदार' ठरतो. राहिलेलं काम किमतीची चिठ्ठी करते. ती आधीच कान भरून ठेवते.

तेव्हा स्पीकर घ्यायला जाल तर दुकानदाराला दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला सांगा. मग पाठ फिरवून उभे राहा, आणि कोणता वाजतोय ते त्याला सांगू देऊ नका.