भेग

दहावीनंतर शेती अंगावर पडली, तेव्हाची गोष्ट. बांधावरची जुनी बाभूळ वादळात आडवी झाली. गाडीच्या चाकाच्या तुंब्याला बाभळीसारखं चिवट लाकूड नाही. जाडजूड ओंडका तीर्थपुरीच्या सुतारबाबांकडं नेला. ते म्हणाले, "वलं हाय. दोन्ही तोंडांला शेण लिंपून सावलीत टाक. वरीसभर त्याच्याकडं बघू नको."

मला कुठला दम? उन्हाळ्यात बहिणीचं लग्न. चाक दुरुस्त करून गाडी विकायची, त्यात बस्ता उरकायचा. हट्टानं तुंबा लेथवर कातून घेतला. आठवड्यात गाभ्यापासून भेग निघाली. वाळताना लाकूड लांबीत फारसं घटत नाही, घेरात घटतं. घाईनं वाळलं की फाटतं.

मी म्हटलं, "भुसा आन् सरस भरा, वरून रंग मारा. कुणाला दिसतंय?"

"गिऱ्हाइकाला दिसणार न्हाई," सुतारबाबा म्हणाले, "पण भरल्या गाडीचे आरे ढिले झाले, तर चाकाखाली कोण येईल ते तुलाबी दिसणार न्हाई."

गिऱ्हाइकाला भेग दाखवली. सौदा मोडला. लग्न वर्षभर पुढं गेलं.

लोक म्हणाले, पोरगा खरा निघाला. मला ते आजही पटत नाही. खरं मी बोललो, किंमत बहिणीनं मोजली. आधीच धीर धरला असता, तर खरेपणा दाखवायची पाळीच आली नसती. बहीण माहेरी आली की ही गोष्ट सांगून हसते. मला हसू येत नाही. तरी तो तुंबा विकला नाही, याचं वाईट कधी वाटलं नाही.