दुप्पट कशाची?

पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये ओव्हरटाइम ही एका ओळीची गोष्ट असते: जादा तास गुणिले तासाचा दर गुणिले दोन. यातला 'दोन' सगळ्यांना पाठ असतो. आमच्या करमाडहून शेंद्र्याच्या कंपन्यांत जाणारा कुणीही 'आमच्याकडं डबल ओटी आहे' किंवा 'सिंगलच लागतो' असं एका दमात सांगेल. तासाचा दर कसा निघाला, हे मात्र फार थोड्यांना सांगता येतं.

एक उदाहरण घेऊ. मूळ पगार 10,400 रुपये, घरभाडं आणि प्रवासभत्ता मिळून 5,200, एकूण 15,600. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाचं कलम 59 म्हणायचं की, दिवसात 9 किंवा आठवड्यात 48 तासांपेक्षा जास्त काम झालं तर साध्या दराच्या दुप्पट द्यायचं. साधा दर म्हणजे मूळ वेतन अधिक भत्ते; बोनस सोडून. महिन्याचे 26 दिवस, रोजचे 8 तास, म्हणजे 208 तास. दर 75, दुप्पट 150. चाळीस तासांचे 6,000 रुपये.

आता भत्ते वगळा आणि 26 ऐवजी 30 ने भागा. दर 43 रुपये 33 पैसे होतो, चाळीस तासांचे 3,467. पगारपत्रकावर तरीही 'डबल ओटी' असंच छापलेलं असतं. 30 ने भागणं म्हणजे सुट्टीच्या दिवसांतही कामाचे तास मोजणं. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात 26 हा भाजक स्पष्ट लिहिलेला आहे, कारण त्यावरून वाद व्हायचे.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनीही दुप्पट कायम ठेवली. पण वेतनाच्या नव्या व्याख्येतून घरभाडं, प्रवासभत्ता यांसारख्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्यापर्यंत बाहेर राहू शकतात. आपल्या उदाहरणात मग दर 50 आणि दुप्पट 100. 'दोन' तसाच राहिला, आधीची संख्या बदलली.

मुळात दुप्पट का? दीडपट का नाही, किंवा सारखाच दर का नाही? एक उत्तर थकव्याचं आहे. दहाव्या तासाला हात तोच असतो, पण लक्ष ते नसतं. आणि प्रेसवर लक्ष गेलं की बोटं जातात. दुसरं उत्तर असं की, हा तास आधीच कुणाचा तरी असतो: पोरांचा, म्हाताऱ्या आईचा, झोपेचा. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळं 1890 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. कामाबाहेरही माणसाचा काही वेळ स्वतःचा असतो, हीच त्यातली मागणी होती. तिसरं उत्तर मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. दुप्पट हा ब्रेक आहे. मालकाला जादा तास महाग पडावा आणि त्यानं नवा माणूस घ्यावा, यासाठी.

अडचण अशी की, मालकाचा ब्रेक हाच कामगाराला आमिष होतो. मूळ पगारात घर चालत नसेल, तर ओटी बंद झाल्यावर पहिली तक्रार कामगारच करतो. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातली रोजची मर्यादा 9 वरून 12 तास आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची 115 वरून 144 तास करायला मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती घेऊन. पण ज्याचा किराणा ओटीवर चालतो, त्याची सही ही संमती की नाइलाज?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ओव्हरटाइम नसतोच. रिलीजच्या आठवड्यात रात्रीचे दोन वाजले तरी हजेरीत एकच दिवस लागतो. तरीही ही तुलना मी ताणत नाही. मला नाही म्हणता येतं, कारण माझ्या खात्यात दोन-चार महिन्यांची सोय असते. संमतीला तेवढी जमीन लागते.

ही जमीन नसली की काय होतं, ते 2020 मध्ये दिसलं. 17 एप्रिलला गुजरात सरकारनं अधिसूचना काढून बारा तासांची पाळी आणि जादा तासांना साधाच दर लागू केला. 1 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली आणि फरकासह कलम 59 प्रमाणे पैसे द्यायला सांगितलं. या दोन तारखांच्या मध्ये 8 मे येतो. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले, मध्य प्रदेशाकडे पायी निघालेले सोळा मजूर त्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली गेले. काम थांबलं होतं आणि हातात काही उरलं नव्हतं. तासांवर जगणाऱ्या माणसाचे तास थांबले की त्याच्याकडे घरची वाट तेवढी उरते.

म्हणून माझ्यापुरती कसोटी अशी: आठ तासांच्या पगारात घर चालत असेल, तरच नवव्या-दहाव्या तासाला दिलेल्या होकाराला होकार म्हणावं. तोवर निदान हिशोब उघडा असावा. पगारपत्रकावर ओटीच्या रकमेशेजारी तीन आकडे छापावेत: कोणती रक्कम धरली, कितीनं भागली, किती तास मोजले. कोडमध्ये ते तिन्ही असतातच. छापायला फार तर एक दुपार लागेल.