‘माझा हेतू वाईट नव्हता’



"माझा हेतू वाईट नव्हता" असं आपण किती सहज म्हणतो! पण तेवढ्याने सुटका होते का?

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात गाजलेला एक दिवाणी खटला आहे. १९५१ साली अंगणात एक बाई खुर्चीवर बसायला गेल्या. पावणेसहा वर्षांच्या मुलाने खुर्ची सरकवली होती. त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. मुलाला इजा करायची नव्हती, हे कोर्टाने मानलं. पण १९५५ मध्ये वरच्या कोर्टाने विचारलं, बाई आता तिथेच बसणार हे त्याला ठाऊक होतं का? ठाऊक असेल तर जबाबदारी त्याची. फेरसुनावणीत 'ठाऊक होतं' असं ठरलं. ११,००० डॉलर भरपाई झाली. शिक्षा नाही, नुकसान भरून द्यायचं.

हे वाचलं आणि जाऊबाईंची पत्र्याची पेटी आठवली. त्या उज्जैनला गेल्या असताना मी ती भंगारवाल्याला दिली. वर म्हणायचे, "घर आवरायचं होतं हो!" खरं सांगू? विचारलं तर नाही म्हणतील हे माहीत होतं, म्हणूनच त्या नसताना दिली. राग नव्हता, द्वेष नव्हता. पण ठाऊक होतं.

काल फोन करून सगळं कबूल केलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्यात आईची भजनाची वही होती गं."

याची भरपाई कशी करू?

आज रात्री नामस्मरणाला बसताना प्रत्येकाने स्वतःला एवढंच विचारूया : मला ठाऊक होतं का?

– एक सेवेकरी, इंदूर